फोटो कुणाचा?

रहाटणीच्या नखाते वस्तीत एका इमारतीच्या तळमजल्यावर फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर चार गोष्टी लिहिल्यात : पासपोर्ट, लग्न, प्री-वेडिंग, इंडस्ट्रियल. चौथी बाकी तिघींना पोसते, असं स्टुडिओ चालवणारी सांगते. भोसरी आणि चाकणच्या लहान कारखानदारांसाठी ती गिअर, फ्लँज, बेअरिंग हाउसिंग असल्या वस्तूंचे कॅटलॉगचे फोटो काढते. वरच्या मजल्यावर तिचे मामा राहतात. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी नोकरी काढून ते निवृत्त झाले. नोकरीच्या काळात रात्री न्हाणीघराची डार्करूम करून कृष्णधवल फोटो छापायचे. याशिका ६३५ कॅमेरा, एकशेवीसचा रोल, तीन ट्रे आणि एक लाल बल्ब. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते, मीही.

दोघांत एक वाद आहे आणि तो दर वेळी नव्या ठिकाणाहून सुरू होतो. कला म्हणून फोटो काढणाऱ्याचं म्हणून काही वेगळं आयुष्य असतं, की ती फावल्या वेळातली ऐट? मी अधूनमधून मध्ये तोंड घातलंय, ते दोघांनीही फारसं मनावर घेतलं नाही.

भाची : 'फाइन आर्ट फोटोग्राफर' हा धंदा नाही, मामा. घर दुसऱ्याच कशावर तरी चालत असलं की रविवारी छातीवर लावायचा बिल्ला आहे तो. तुमचंच घ्या ना. पगार कंपनीचा, कला न्हाणीघरात.

मामा : अगदी कबूल. पण पगार कंपनीचा होता म्हणूनच फोटो माझे राहिले. तुझी कमाईच फोटोंची, म्हणून तुझा एकही फोटो तुझा नाही.

भाची : तुम्ही टोमणा मारलात, पण कायदाही तेच म्हणतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. लग्नाचे फोटो लग्नवाल्यांचे, गिअरचे फोटो गिअरवाल्याचे. २०१२ मध्ये कायदा बदलला तेव्हा आमच्या लोकांना फार आनंद झाला. आधी फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकायचा, आता फोटोग्राफर गेल्यावर पुढे ६० वर्षं. पण जे आपलं नाहीच, त्याची मुदत मोजून काय करायचंय?

करारात लिहून घेता येईल की, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "भोसरीतला शेठ पर्चेस ऑर्डरवर सही करतो. माझ्या कागदावर नाही."

तिचं काम एकदा जवळून बघण्यासारखं आहे. चकचकीत धातूचा फोटो काढणं हे फोटोग्राफीतलं सगळ्यात चिवट काम. गिअर आरशासारखा असतो, त्यात खोली दिसते, दिवे दिसतात, कॅमेरा दिसतो, त्यामागे वाकलेली बाईही दिसते. म्हणून ती जॉब आधी थिनरनं पुसते, गंजू नये म्हणून लावलेलं तेल काढून टाकते, मग त्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभा करते आणि दिवे तंबूच्या बाहेर ठेवते. आता धातू एकसारखा पांढरा दिसतो, पण कडा हरवतात. मग काळ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापून तंबूच्या आत अशा लावायच्या की त्यांचं प्रतिबिंब नेमकं दातांच्या कडेवर पडेल. एका गिअरला कधी अर्धा दिवस जातो. फोटो झाल्यावर गिऱ्हाइकाचा निरोप येतो : बर (कडेला उरलेलं धातूचं कुसळ) दिसतेय, काढा. टूल मार्क दिसतायत, काढा. ती काढते. सगळं संगणकावर, खुर्चीतून न उठता.

मामा : आणि तिथेच माझं डोकं उठतं. ते टूल मार्क बघून मी सांगू शकतो की जॉब कुठल्या मशीनवर झाला, टूल किती झिजलं होतं, चालवणारा घाईत होता का. जॉबवर माणसाची तेवढीच खूण असते. ती पुसायचे तू पैसे घेतेस.

भाची : घेते. कारण कॅटलॉग बघणाऱ्याला माणूस विकत घ्यायचा नसतो, गिअर घ्यायचा असतो.

मामांकडे रद्दीतून जमवलेली परदेशी फोटोग्राफीची पुस्तकं आहेत. त्यातलं एक त्यांनी उघडलं. पानावर पंधरा पाण्याच्या टाक्या, तीन ओळींत पाच-पाच, सगळ्या समोरून, सगळ्यांवर तेच राखाडी आभाळ.

मामा : हे बेखर नवरा-बायको. बर्न्ड आणि हिला. १९५९ पासून जर्मनीतल्या कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यात हिंडून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे काढत राहिले. ऊन असलं की काम बंद, कारण सावली नको. मोठा कॅमेरा, शिडी, आणि दर वेळी तीच चौकट. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या कितीतरी वास्तू पुढे पाडल्या गेल्या, राहिल्या त्या यांच्या निगेटिव्हमध्ये. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना बक्षीस मिळालं, तेही फोटोग्राफीचं नाही, शिल्पकलेचं. आता सांग, हे करिअर नाही?

भाची : बर्न्ड बेखर डुसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापक होते, मामा. पुन्हा पगार. आणि त्यांच्याच वर्गातला विद्यार्थी आंद्रेयास गुर्स्की. १९९९ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीचा एक फोटो केला. हिरवी पट्टी, राखाडी पट्टी, हिरवी पट्टी, वर आभाळ. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ४३ लाख डॉलरला गेला, तेव्हाच्या भावानं वीस कोटी रुपयांच्या वर. त्या फोटोत नदीपलीकडे खरं तर एक कारखाना होता आणि अलीकडे कुत्रा फिरवणारी माणसं होती. त्याने संगणकावर सगळं पुसलं. गुरूनं जन्मभर कारखाने जपले, चेल्यानं कारखाना पुसून कोटी कमावले. मी बर पुसली की पाप?

मला ही कोपरखळी आवडली, आणि मामा अडकले असंच मला वाटलं. पण त्यांनी फार वेळ लावला नाही.

मामा : त्याला कुणी पुसायला सांगितलं होतं का?

भाची : नाही.

मामा : मग झालं तर. पुसण्यात पाप नाही. कुणाच्या सांगण्यावरून पुसलं, एवढंच मी बघतो. गुर्स्कीला कारखाना नको होता. तुला टूल मार्क नको होते का हवे होते, हे तुला कुणी विचारलंच नाही.

भाची : पण फोटो बघून हा फरक कळणार कसा? भिंतीवर दोन फोटो टांगा, एक सांगून पुसलेला, एक मनानं पुसलेला. ओळखून दाखवा.

मामा : एका फोटोत नाही ओळखता येणार. शंभर एका ओळीत लाव, मग सांगतो. सांगून काढलेले शंभर फोटो शंभर गिऱ्हाइकांचे दिसतात. आपल्या मनानं काढलेले एकाच माणसाचे दिसतात.

माझ्या मते या सगळ्या वादातलं हेच सगळ्यात पक्कं वाक्य. एखादा अप्रतिम फोटो कुणाकडूनही निघतो, मोबाइलवर तर रोजच निघतो. कलावंत म्हणून फोटोग्राफरची ओळख होते ती वर्षानुवर्षं तो काय काय सोडून देतो त्यावरून. भाचीनं ते मान्य केलं नाही, पण तिने विषय बदलला, म्हणजे ते लागलं असावं.

भाची : बरं, गुर्स्कीसारखे कलावंत एकेका फोटोच्या सहा-सहा प्रतीच छापतात. ऱ्हाइनच्या त्या फोटोच्याही सहाच. निगेटिव्ह किंवा फाइल आहे तोवर सहा हजार निघतील, पण भाव चढावा म्हणून सहावर थांबायचं. डाय तयार असताना पाच कास्टिंग काढून कुणी डाय मोडतं का? चाकणला असला पुरवठादार दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

मामा : यात मी तुझ्या बाजूचा आहे. अॅन्सल अॅडम्सचा १९४१ चा तो न्यू मेक्सिकोतला चंद्रोदय बघ. लाइट मीटर सापडेना, उजेड चाललेला, खाली क्रूसांवर शेवटचं ऊन. चंद्राची चकाकी किती हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने मनात हिशेब केला आणि एक निगेटिव्ह घेतलं. दुसरं घ्यायच्या आत ऊन गेलं. पुढे जन्मभरात त्याने त्या एका निगेटिव्हच्या हजाराहून जास्त प्रती छापल्या, आणि वय वाढलं तसं आभाळ काळं करत गेला. तरुणपणी तो पियानो वाजवायचा. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं त्याचं म्हणणं. मैफलीला कुणी सहाचा आकडा घालत नाही.

भाची : तुमचं न्हाणीघर त्या मैफलीसाठीच होतं, नाही का.

मामा : तसंच म्हण. आठ सेकंद एक्स्पोजर दिलं, कोपरा हाताने झाकला, डेव्हलपरमध्ये कागद सोडला की चेहरा वर येतो. मला कपाळ थोडं आणखी काळं हवंय, तर पुन्हा. हायपोचा वास बोटांना तीन-तीन दिवस. तुझ्या मामीला फार राग यायचा.

इथपर्यंत सगळं परदेशातलं चाललं होतं म्हणून मी विचारलं, आपल्याकडचं काय? मामांनी एका दमात सुधारक ओलवे यांचं नाव घेतलं, आणि मग कितीतरी वेळ दुसरं कुणी आलंच नाही.

मामा : अकोल्याचा माणूस. १९६६ चा जन्म. १९८८ पासून मुंबईच्या वर्तमानपत्रांत फोटोग्राफर. वर्तमानपत्रातला फोटोग्राफर म्हणजे तुझ्यासारखाच, सकाळी सांगतील तिथे जायचं, संध्याकाळी फोटो द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्या फोटोत कुणीतरी वडा गुंडाळणार. ते करता करता हा माणूस मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे लागला. एकदा जाऊन चार फोटो काढून परतला नाही, वर्षानुवर्षं जात राहिला. मॅनहोलमध्ये कमरेपर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीत उभा असलेला माणूस, आणि त्याच माणसाची खोली, त्याची बायको, त्याची दारू. सगळं कृष्णधवल. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा ऑल रोड्स पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्री. असाइनमेंट कुणाची होती? कुणाचीच नाही.

भाची : ते महत्त्वाचं काम आहे, यावर माझं भांडण नाही. पण ती फाइन आर्ट नाही, तो दस्तऐवज आहे.

मामा : पेपरात छापला की बातमी, कोर्टात लावला की पुरावा, भिंतीवर टांगला की कला. फोटो तोच आहे ना?

भाची : नाही, मामा. भिंतीवर टांगला की त्याच्यासमोर वाइनचा ग्लास घेऊन उभं राहता येतं. तुम्ही इतका वेळ विचारताय की फोटो फोटोग्राफरचा की पैसे देणाऱ्याचा. तिसरा माणूस विसरताय. गटारात जो उतरला तो. फोटो त्याचा का नाही? पद्मश्री ओलवेंना मिळाली, गटारात उतरायला तोच माणूस राहिला.

हा प्रश्न तिने नुसता वादासाठी विचारला नव्हता. आवाज बदलला होता. आणि मला वाटतं, समाजातल्या खालच्या थराचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही फोटोग्राफरला तो टाळता येत नाही. ओलवे यांनी तो टाळला नाही, एवढं त्यांचं काम बघून म्हणता येतं. कामगाराच्या घरातले त्यांचे फोटो अर्ध्या तासाच्या ओळखीतून निघणारे नाहीत. त्या फोटोंमुळे मुंबईतल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा आपल्या गल्लीतल्या सफाई कामगाराच्या चेहऱ्याकडे बघितलं असेल. मात्र चेहऱ्याकडे बघितल्यानं हातमोजे मिळत नाहीत, हे भाचीचं म्हणणं तसंच उभं राहतं.

मामा : मी माझ्यापुरतं सांगतो. कंपनीत कॅमेरा नेता यायचा नाही, गेटवर जमा करावा लागायचा. म्हणून मी गेटबाहेरचं काढलं. पहिली पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. स्टँडवरचा पंक्चरवाला. पगाराच्या दिवशी गेटसमोर बसणारा कपडेवाला. संपात मंडपाखाली पत्ते कुटणारे. ज्याचा काढला त्याला पोस्टकार्ड साइजची प्रत दिली, प्रत्येकाला. फुकट. त्यातले काही फोटो आता त्यांच्या घरात हार घालून लावलेत, कारण त्या माणसाचा एकटा असा दुसरा फोटोच नव्हता.

भाची : म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं प्रदर्शन लोकांच्या भिंतीवर, हाराखाली.

मामा : हो. आणि वाइन नव्हती.

भाचीनं मग गौतम राजाध्यक्षांचं नाव काढलं. मराठी घरांत फोटोग्राफर म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं हे एक नाव, लता मंगेशकरांपासून सिनेमातल्या नट-नट्यांपर्यंतचे चेहरे टिपणारं. १९७४ पासून ते लिंटास या जाहिरात संस्थेत होते, पूर्णवेळ स्वतंत्र झाले ते १९८७ मध्ये. तिचा मुद्दा असा की, तेरा वर्षं जाहिरातीत काढून शिकलेला उजेडच त्यांनी पुढे चेहऱ्यांवर टाकला, बाजारात हात तयार झाला म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. मामांचं यावर फारसं म्हणणं नव्हतं. 'चेहरे' हे पुस्तक त्यांनी चाळलंय. सगळे सुंदर दिसतात, एवढंच म्हणाले, आणि ते कौतुक होतं की तक्रार हे मला कळलं नाही.

त्यापेक्षा मित्तर बेदींवर दोघं जास्त रंगले. बेदी १९२६ चे, लाहोरचे, मुंबईत काम करून १९८५ मध्ये गेले. भारतात औद्योगिक फोटोग्राफी रुजवणारा माणूस. स्वातंत्र्यानंतरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नळ्या, टाक्या, चिमण्या त्यांनी अशा काढल्या की देश उभा राहतोय हे अहवालातल्या आकड्यांपेक्षा त्या फोटोंत जास्त दिसतं. सगळं काम कंपन्यांनी पैसे देऊन करून घेतलेलं. आज तेच फोटो कलादालनांत लागतात.

भाची : बघा! एकही फोटो आपल्या मनाचा नाही, आणि कलादालनात.

मामा : गेल्यावर लागले. आणि त्यांच्या कितीतरी फोटोंत माणूस आहे तो नुसता मापाला, टाकी किती उंच हे कळावं म्हणून उभा केलेला. ओलवेंच्या फोटोत माणूस मापाला उभा नाही.

भाची : माझ्या फोटोंत तर मापालाही नाही.

मग तिने एक प्रसंग सांगितला. चाकण भागात कारखान्याच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आत काम करणाऱ्या हजारो माणसांच्या खिशात कॅमेरे आहेत आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. तिचा कॅमेरा परवानगी घेऊन आत जातो, सोबत सुपरवायझर. एका फोर्जिंग शॉपमध्ये तिला लालभडक बिलेटचे, म्हणजे तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यांचे, फोटो काढायचे होते. हॅमर पडला की ठिणग्या उडतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पडायच्या आधी, चिमट्यात बिलेट धरून माणूस वळतो तेव्हा त्याचा खालून उजळलेला चेहरा क्षणभर दिसतो, घाम, भुवयांवरची काजळी, सगळं नारंगी. तिने दोन फ्रेम घेतल्या. संध्याकाळी, कार्ड तपासायला द्यायच्या आधी, स्वतःच डिलीट केल्या.

मामा : कुणी सांगितलं होतं?

भाची : कुणी नाही. करारात 'फक्त उत्पादन' असं लिहिलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. म्हणून असेल, पण पुढचा वार तिने जरा जास्तच जोरात केला.

भाची : तुम्हाला कला एवढी सोवळी का वाटते, सांगू? तुम्ही कधी कुणाला दाखवलीच नाही. जहांगीरच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबला नाहीत. कॉटन रॅगच्या कागदावर प्रिंट काढून, फ्रेम करून, टेम्पोत घालून मुंबईला नेली नाहीत, आणि एकही न विकता परत आणली नाहीत. गॅलरीवाला निम्मा वाटा मागतो तेव्हा काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. ओलवेंनी दाखवलं, बेखरांनी दाखवलं. दयानिता सिंगनी तर पुस्तकच कलाकृती केली, म्हणजे भिंतीची गरजच नको. नकार ऐकायची तयारी हीच करिअरची पहिली पायरी. तुम्ही पायरीच चढला नाहीत, आणि मला वरून सांगताय.

दयानिता सिंग यांचा दाखला इथे चपखल होता. १९६१ चा दिल्लीचा जन्म, अहमदाबादच्या एनआयडीत शिकल्या. झाकीर हुसेन यांच्याबरोबर मैफलींच्या दौऱ्यांत हिंडून केलेलं पुस्तक हे त्यांचं पहिलं, १९८६ चं. पुढे परदेशी मासिकांसाठी भारताचे फोटो काढायचं चालू काम त्यांनी सोडून दिलं, कारण संपादकांना जो भारत हवा होता तो त्यांना काढायचा नव्हता. २००९ च्या 'ब्लू बुक'मध्ये सगळे कारखान्यांचे परिसर आहेत, पोस्टकार्डाच्या रूपात. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म सूर्य मावळल्यावर वापरली की सगळं निळं येतं. कुठलाही लॅबवाला त्याला दोष म्हणेल. त्यांनी तो ठेवला. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. मामांच्या कसोटीवर त्या पुऱ्या उतरतात, आणि भाचीच्याही.

मामा : दाखवले नाहीत, खरं आहे. दाखवायचे कुठे? आमच्या गेटवरच्या सायकली बघायला बालगंधर्वच्या कलादालनात कोण येणार होतं?

भाची : तेव्हा नसतं आलं. आता ते गेट नाही, तिथे टॉवर झालेत. आता येतील. निगेटिव्ह कुठेत?

निगेटिव्ह माळ्यावर होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. वर स्लॅब, उन्हाळ्यात हात लावू नये इतका तापणारा. भाचीनं पहिला डबा उघडला आणि नाक मागे घेतलं. व्हिनेगरचा वास. जुन्या रोलची फिल्म अॅसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ती आतून सडते, अॅसेटिक आम्ल सुटतं, ते आम्लच पुढची सडण वाढवतं, शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. फिल्म आक्रसते, वाकते, वरचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालं की उलटं फिरवता येत नाही, फार तर थंडाव्यानं मंदावता येतं. तिने एक पट्टी दिव्यासमोर धरली. इंदू छापाचा, उटीचा रोल. सायकली दिसत होत्या. एका टोकाला फिल्म तरंगल्यासारखी झाली होती.

लगेच स्कॅनिंग सुरू झालं, आणि लगेच भांडणही. ती म्हणते, स्कॅन केल्यावर ओरखडे आणि धूळ काढून टाकू. मामा म्हणतात, ओरखड्याला हात लावायचा नाही. ती म्हणते, तो ओरखडा तुमचा नाही, डब्याचा आहे. कुठले फोटो निवडायचे यावरही एकमत नाही. मामांना माणसांचे हवेत, तिला सायकल स्टँडचे, एकापाठोपाठ एक, बेखरांसारखे लावता येतील असे. माझं मत विचारलं तर निवड मामांनी करावी आणि मांडणी तिने. फोटो त्यांनी मनाने काढले, तर काय वगळायचं हेही त्यांनीच ठरवायला हवं. आणि हे प्रदर्शन झालं तर त्याचा पहिला दिवस हार घातलेल्या त्या घरांसाठी राखून ठेवावा. दोघांनीही अजून हो म्हटलेलं नाही.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागात कारखान्यात नोकरी केलेल्या आणि हौसेनं फोटो काढलेल्या माणसांची घरं पुष्कळ आहेत. तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर या आठवड्यात खाली काढा. वास येणारी निगेटिव्ह बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि त्यांचंच स्कॅनिंग आधी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा, पत्र्याचा डबा घट्ट बंद करू नका, स्लॅबखालचा माळा सोडून घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा. छापील फोटोंच्या मागे माणसाचं नाव, खातं आणि साल लिहा, ते ओळखणारं कुणी घरात आहे तोवरच. लिहायला मऊ पेन्सिल घ्या. बॉलपेनचा दाब फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो.